पालथा दगड

बोरीच्या काठाला आमचा दगड होता.
आमचा म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे,
सासूच्या पाठीत, माझ्या मनगटात.
चिंचहळ्ळीत परटाचं घर एकच.
अलीकडे परीट, ओढ्यापलीकडे मडिवाळ,
मळतं मात्र दोन्हीकडचं सारखंच.

शाळेत गेले नाही, पण गाव मला वाचता यायचं.
कापडाच्या कोपऱ्यात बिब्ब्याची काळी खूण:
दोन टिंबं बिराजदारांची,
आडवी रेघ तोळणुऱ्यांची,
फुली अमीनभाई मुल्लांची,
आणि सुईच्या टोकाएवढा ठिपका
एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंचा,
ज्यांच्या अभ्र्यावर नेहमी शाई सांडलेली.
कुणाच्या चादरी वेगळ्या झाल्या,
कुणाचा सदरा पुण्याहून बिनगुंड्यांचा परत आला,
पाण्याच्या आधी मला कळायचं.
बोलले नाही कधी.
सोडा, नीळ, आणि गप्प बसणं,
एवढंच भांडवल या धंद्याला.

मग घरोघर मशिनी आल्या.
सुगीला शाळूची पायली घालणारे हात
आता नुसतेच वर होतात, रामराम करायला.
मी तरी जातच राहिले नदीवर,
स्वतःची दोन लुगडी घेऊन.

औंदा उन्हाळ्यात पात्र आटलं
आणि सोलापूरहून शाल्मली नावाची पोरगी आली,
वही, टेप, डोक्याला फडकं.
दगडाखाली हात घालून बराच वेळ चाचपडली.
"मावशी, हा उलटा करू?"
आठ माणसं, दोन पहारी, गुरुबाळचा ट्रॅक्टर.
दगड वळला.

खालच्या अंगाला माणूस होता.
तळाशी गाई, शेपट्या वर करून उधळलेल्या,
त्यांच्यापुढे तो, तलवार उगारून.
वरच्या चौकटीत दोघी बायका त्याला उचलून नेताहेत,
अगदी माथ्यावर पिंड, चंद्र, सूर्य.
"वीरगळ," पोरगी म्हणाली, "गाई सोडवताना पडला.
सात-आठशे वर्षं तरी झाली.
पालथा होता म्हणून राहिला."
सगळे त्याचं तोंड बघत होते.
मी धोतर बघत होते.
निऱ्या एकसारख्या, एकही चुणी मोडलेली नाही.
लढाईच्या दिवशी सकाळी
कुणी दिलं असेल धुऊन?

आठवड्यात तो बिराजदारांचा पूर्वज झाला,
पंधरवड्यात तोळणुऱ्यांचाही.
पंचायतीपुढे कट्टा, कट्ट्याला फरशी,
सरपंचाचं भाषण, गावाचा वारसा, पेढे.
नारळ फुटले. शेंदूर लागला.
बायकांनी पाय लावू नये म्हणून साखळी.
तीस वर्षं मी त्याच्या पाठीवर उभी होते, साबणासकट,
हे कुणाला आठवलं नाही,
मीही काढलं नाही.

फक्त गवंडी त्याला भिंतीला टेकवायला निघाला
तेव्हा म्हटलं, "हातभर जागा सोड, भिंत ओल धरेल."
खोटं बोलले. गवंड्यानं ऐकलं.

आता कातरवेळी त्या फटीत शिरते.
पाठ परातीसारखी खोलगट आहे,
डावीकडे जास्त, कारण सासू डावखुरी.
तिच्याआधीची कोण, उजवीकडे धुणारी,
तिचंही थोडं झिजलेलं आहे.
पोरीच्या वहीत पुढच्या बाजूची दोन पानं भरली,
मागच्या बाजूला एकच शब्द: सपाट.
मी वाचून घेतलं मास्तरीणबाईंकडून.
सपाट नाही गं बाई,
हात फिरवला असतास तर.

एक गोष्ट राहिली.
गावात सगळ्यांची खूण होती, आमच्या घराची नव्हती.
स्वतःचं कापड चुकून जाणार कुठे?
परवा अवसेच्या रात्री बिब्बा तापवला,
सुई घेतली, फटीत शिरले,
खोलगट भागाच्या कोपऱ्यात एक खूण काढली.
काय काढलं ते सांगत नाही,
धंद्याची सवय.
दगडानं ती घेतली की नाही, अंधारात दिसलं नाही.
बोट मात्र उतलं,
आठ दिवस.