पांढरी तार

गाडी एकोणीसशे सहासष्टची. दोन माणसांपुरती. छप्पर कापडी,
रंग एके काळी हिरवा, आता दगडावर शेवाळ वाळावं तसा.
हमूद बिन सैफ यांनी ती वादी कबीरला आणली दोरीनं ओढत
आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले :
पंचवीस मिनिटं चालते. मग रुसते.
अर्ध्या तासानं आपणहून चालू.

शाजी म्हणाला, पेट्रोल.
ऑगस्टात मस्कतमध्ये नळीतच उकळतं ते,
पंपानं काय वाफ ओढायची?
त्यानं नळीला ओलं गोणपाट गुंडाळलं,
दोन्ही कार्बोरेटरची झाकणं उघडली, सुया पुसल्या,
फ्लोट कानाशी नेऊन हलवला,
अंडं चांगलं की नासकं बघतात तसा.
पंचवीस मिनिटं. रुवीच्या चढावर पुन्हा मेली.
गोणपाट अजून ओलंच होतं.

मी तारवाला.
गडहिंग्लजच्या एस्टी डेपोत पट्टणशेट्टी मिस्त्री सांगायचे,
इंजिन कसं मेलं ते आधी विचार, का मेलं ते मग.
उपाशी मेलं तर आचके देतं,
दोनदा शिंकतं, जिवाच्या आकांतानं थोडं ओढतं.
ही तशी गेली नव्हती.
ही दिव्याचं बटण दाबावं तशी गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारी बसलो.
हमूद चालवत होते, दिशदाशा गुडघ्यांत खोचून.
उतारावर मेली तेव्हा ओरडलो, गिअर काढू नका!
चाकं इंजिनाला फिरवत होती
आणि आरपीएमचा काटा
शून्यावर आडवा.
मागे डिकीतली पंपाची टिकटिकही बंद.

दोघांना एकदम कोण मारेल?
दोघांना जी एकटी पाजते, ती.

किल्लीपासून निघते पांढरी तार,
एक फाटा कॉइलला, एक मागे पंपाला.
त्यात या गाडीचा कारभार उलटा :
धन अंगाला, ऋण तारेत.
मीटर लावला की उणे बारा दाखवतो,
आणि उणे बारा म्हणजे सगळं ठीक.
मी उताणा डॅशखाली, पाय सीटच्या पाठीवर,
घाम कानात साठतोय,
बोटांनी तारांचा जुडगा चाचपत.
उणे बारा. उणे बारा. उणे चार.

जखमेवर लावायची चिकटपट्टी निघाली तिथे.
विटकी, कडेनं काळी.
आत दोन तारा नुसत्या पिळलेल्या,
ना सोल्डर, ना टोपण, तांबं हिरवं पडलेलं.
तापलं की सुटायचं, निवलं की भेटायचं.

कोणत्या गाढवानं, म्हणत मी बाहेर आलो
आणि हमूद यांचा चेहरा पाहून थांबलो.
सूरच्या रस्त्यावर, ते म्हणाले. तेव्हा डांबर नव्हतं.
रात्र होती. रय्यानं बॅटरी धरली होती,
पट्टी तिच्याच पर्समधली.
म्हटलं, मस्कतपर्यंत टिकलं तरी पुरे.
किती वर्षं झाली?
त्यांनी बोटं मोजली नाहीत.
ती जाऊनच अकरा झाली, एवढंच म्हणाले.

मी काही बोललो नाही.
मीही दोन वर्षांसाठीच आलो होतो.
कार्ड आतापर्यंत नऊ वेळा नवं झालंय.

हिरवं तेवढं कापलं. मध्ये तीन इंच नवी तार,
नवी म्हणून फार पांढरी, डोळ्याला खुपणारी.
सोल्डरचा धूर वर गेला, त्याचा तो गोडसर वास.
पट्टी मी डब्यात टाकणार होतो;
त्यांनी हात पुढे केला.
घडी घालून वरच्या खिशात ठेवली, पेनामागे.

किल्ली फिरवली.
डिकीतून टिकटिक : आधी भराभर,
मग दमानं, मग एखादीच,
मग वाट्या भरल्यावर गप्प.
स्टार्टर ओढला आणि ती अशी उठली
की पलीकडच्या टायरवाल्यानं मान वळवली.

कंतबपर्यंत गेलो, आलो. सत्तर मिनिटं.
शाजी दारात उभा, बॉनेटला हात लावून बघतोय.
नळी तापलेली होतीच पण, म्हणाला.
गोणपाट राहू दे.

राहू दे, म्हटलं.