वळणावर हॉर्न द्यावा

टायपिंग सेंटरच्या पोरानं विचारलं, नाव?
प्रल्हाद पोपट पिसाळ.
हसला. म्हणाला, तीन प,
आणि अरबीत प नाहीच.
मग शिक्क्यासकट माझ्या लायसनचं भाषांतर निघालं:
ब्रलाद बोबट बिसाल.
शाळेत ज्या नावावरून मारामाऱ्या केल्या
ते दादांचं नाव
साठ दिरहमात मिटलं.

काउंटरवरच्या बाईनं कार्ड उलटंपालटं केलं.
सातारा आरटीओ, दोन हजार सहा,
फोटोतल्या मला नुकतं मिसरूड फुटलेलं.
माझ्या पुढचा गोरा डोळे तपासून, पैसे भरून
चहा निवायच्या आत नवं कार्ड घेऊन गेला होता.
त्याचा देश यादीत होता.
तुमचा नाही, म्हणाली. वाईट बोलली नाही.
फाइल उघडा. क्लास लावा. परीक्षा द्या.
पहिले पाढे पंचावन्न.

सोळा वर्षं पसरणी घाट चढलो-उतरलोय,
दोन्हीकडं चाळीस-चाळीस लिटरचे कॅन,
पहाटे साडेचारला, धुक्यात,
आणि थेंब सांडला नाही असं म्हणत नाही,
सांडला एकदा, तिसऱ्या वळणावर,
कुत्र्यांनी रस्ता चाटून पुसून दिला.

आता शारजात, डांबरी मैदानात,
नारिंगी टोप्यांमधून आठचा आकडा काढतोय.
मराठी आठ असता तर सुटलो असतो,
तो एका बाजूनं उघडा असतो.
हा इंग्रजी. फिरून फिरून तिथंच.

उस्ताद गुलजमान, पेशावरकडचा, दाढीला मेंदी,
पत्र्याच्या सावलीतून ओरडतो:
टोपी को मत देख! जिधर देखेगा, उधर जाएगा!
दादा हेच म्हणायचे, राजदूतच्या मागं धापा टाकत:
खड्ड्याकडं बघशील लेका, तर खड्ड्यात जाशील.
मी टोपीकडंच बघतो.
टोपी पडते.

घरी चौकातला पुतळा उजव्या हाताला राहतो,
देवाला प्रदक्षिणा घालावी तसा.
इथं गोल चक्कर डाव्या हाताला ठेवून फिरायची,
आणि दर वेळी आतून कुणीतरी म्हणतं,
अरे, उलटी घालतोयस.
डावं-उजवं करू नये, असं शिकलो होतो.
इथं तेच शिकायचे पैसे भरलेत.

पहिल्या परीक्षेत पाय टेकला.
दुसऱ्यात सगळं जमलं,
फक्त भिंतीपाशी वळताना
अंगठा आपोआप गेला.
पीं.
कुणाला वाजवलास? परीक्षकानं विचारलं.
समोर कुणी नव्हतं.
घाटात रीत आहे साहेब,
जो दिसत नाही त्याला सांगायचं, मी येतोय.
हे हिंदीत जुळवेपर्यंत
त्यानं पुढचं नाव पुकारलं.

रात्री सुलभाचा फोन. झालं?
होईल, म्हटलं. दूध कोण घालतंय?
रव्या. एक कॅन गळतोय म्हणत होता.
वरच्या बंकवरचा नेपाळी झोपेत कूस वळला,
पलंग करकरला.
डांबर लाव म्हणावं बुडाला, म्हटलं,
आणि मग दोघंही
कॅनबद्दलच बोलत राहिलो.

तिसऱ्यांदा पास.
कार्डावर ब्रलाद, डोकं तेलानं चापून बसवलेलं.
गुलजमानला पेढे कुठून देणार? खजूर दिले.
म्हणाला, अब भी टोपी को देखता है तू.

पहिल्याच आठवड्यात, रात्री एक वाजता,
इंडस्ट्रियल एरियात, मागं खोका,
खोक्यात दोन बिर्याण्या आणि एक ताक.
गोदामाच्या भिंतीशी रस्ता वळत होता,
पलीकडचं काही दिसत नव्हतं.
वाजवला. एकदाच, हळू.
घाटात खालून कुणीतरी उत्तर द्यायचं.
इथं नुसती एसींची घरघर.

मग भिंतीपलीकडून सायकलची घंटी आली,
आणि घंटीमागून एक माणूस,
बिनदिव्याचा, डब्याची पिशवी हँडलला,
चुकीच्या बाजूनं,
म्हणजे आपल्याच.