विधान क्रमांक एकतीस

वरूडच्या अलीकडे, नाल्याला लागून टिनाचं शेड.
चौदा बाया आंबिया बहाराची संत्री निवडत बसलेल्या.
मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन उतरले.
दर विधानापुढे पाच चौकटी :
पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही,
असहमत, पूर्ण असहमत.
मॅडमनी बजावलं होतं, सुचवू नकोस,
मान हलवू नकोस.

दुर्पताबाई खेरडेंचा हात थांबत नव्हता.
फळ उचल, अंगठ्यानं देठ दाब, फिरव, टाक.
मोठं, मधलं, बारीक, डागाचं, रसाचं.

'मला गर्दीत आनंद वाटतो.'
'लग्नाच्या का मयतीच्या?'
'सर्वसाधारणपणे.'
'हे सर्वसाधारन कुठी भरते वो? बुधवारी?'

'मी सहसा चिडत नाही.'
'कोनावर, ते लिव्हलं नाई काय?
पोट्ट्यावर चिडतो.
ठेकेदारावर चिडाले परवडत नाई.'
मी 'सांगता येत नाही'वर खूण केली.
तिनं तर सांगितलं होतं.

दुपारी भाकरी सोडताना म्हणाली,
आता तू सांग, तुमच्या पुस्तकात काय हाय.
सांगितलं. एक म्हणतो, पाच वर्षांचं होईतो
माणूस घडून संपतो.
एक म्हणतो, स्वभाव असं काही नसतंच,
शाबासकी आणि मार यांची सवय असते.
कोणी म्हणतं, मन म्हणजे पाण्यातला बर्फाचा डोंगर,
दिसतं ते टोक.
कोणी कोशातले माणसाला लागणारे सगळे शब्द मोजले,
हजारोंनी निघाले,
त्यांच्या पाच मोळ्या बांधल्या.
'यातलं खरं कोनतं?'
'परीक्षेत सगळंच येतं.'
ती हसली. 'बर्फ म्या रसवंतीवर पाह्यला.
भुशात राह्यते. वरतून भुसाच दिसते.
पन पाच बरे. शेडात साहवा ढीग लावाले जागा नाई.'

एका कागदावर रस सांडला, घडीत दबला.
उलगडला तर दोन्हीकडे सारखा.
मी सवयीनं विचारलं, यात काय दिसतं?
'डाग.'
'आणखी?'
'कोनीतरी दाबलं फळ. भरून घेईन ठेकेदार.'

एकतीस : 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललेले नाही.'
हा सापळा आहे. इथे जो पूर्ण सहमत,
त्याचा सगळा कागद बाजूला ठेवायचा असतो.
तिचा हात पहिल्यांदा थांबला.
'मोठ्या बहिनीच्या सोयरिकीत
तिचं वय तीन वर्सानं कमी सांगतलं होतं म्या.
आता तिलेबी तेच खरं वाट्टे.'

शेवटची काळीपिवळी साडेपाचची.
दोनशेला एकोणीस कमी पडले.
रात्री मोर्शीच्या खोलीत मी ते भरले.
तीन पेनं, कधी डाव्या हातानं,
बेबी, कुसुम, कौतिका, वय अमुक, शिक्षण चौथी.
एकतिसाव्याला सगळ्या जणींकडून 'असहमत',
मला सापळा ठाऊक होता.

संगणकावर एकशे एक्याऐंशी ठिपके
पोरांनी उधळलेल्या तुरीसारखे.
एकोणीस मात्र एका कोपऱ्यात,
एकमेकींना चिकटून.
मॅडमनी त्यावरच बोट ठेवलं.
'हा गट सुंदर आलाय. मितभाषी, धास्तावलेल्या,
कोणाला दुखवायचं नाही,
आणि कर्तव्यदक्षता बघ, सगळ्यांत वर.
याला एक नाव दे.'

मृगाच्या बहाराला फेरचाचणीसाठी पुन्हा गेले.
'तेच इचारतं काय?'
'तेच. माणूस बदलतं का ते पाहायचं असतं.'
'म्हंजे कोन बदलते, मी का कागद?'
तीसपर्यंत आलो.
पुढचं वाचायला मी तोंड उघडलं.
तिनं हातातलं संत्रं फिरवलं,
अंगठ्यानं देठ दाबला, पुन्हा फिरवलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि कुठल्याच ढिगात न टाकता
ओच्यात ठेवलं.
'वाच ना व,' म्हणाली.