राखण

आमच्या वेंगुर्ल्यात यंत्रं मरतात ती खाऱ्या वाऱ्यानं.
दुकान बंदरापासून दोनशे पावलांवर.
पेटी उघडली की तांब्यावर हिरवट बुरशी,
कधी मुंग्यांची वस्ती,
एकदा तर पालीची तीन अंडी, पंख्याच्या उबेला ठेवलेली.
ही मरणं माझ्या ओळखीची.
ब्रश, स्पिरिट, थोडं ऊन, आणि बहुतेक उठून बसतात.

बस्त्यांव मास्तरांचा संगणक तसा नव्हता.
आतून लख्ख, दर रविवारी मिसाहून येऊन पुसलेला.
तरी चालायचा दम लागलेल्या माणसासारखा,
पायरी-पायरीला थांबत.

काय घातलंत ह्यात, मी विचारलं.
"काय नाय गो. एक सीडी. ओरिजिनल."
ओरिजिनल म्हणताना त्यांचा आवाज
इस्त्रीच्या शर्टासारखा ताठ झाला.
कुडाळहून आणलेली. तीनशे पंचाण्णव. पावतीसकट.
जन्मभर बाजारातल्या तीस रुपयांच्या ऐकल्या,
स्केचपेननं नाव लिहिलेल्या,
त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही.
ह्या खेपेस म्हटलं, "गाणाऱ्याक तेचा मिळांदे."

सीडीनं आधी एक इंग्रजी करार पुढे केला, खाली एकच शब्द: मान्य.
सगळं जग तिथे न वाचता बोट ठेवतं.
मास्तरांनी वाचला. डिक्शनरी मांडीवर घेऊन, दीड तास.
लपून बसेन, असं त्यात कुठेच नव्हतं.

तीन रात्री शोधत होते.
यादीत नाव नाही, पडद्यावर चिन्ह नाही.
पण दिसत नाही म्हणजे नाही,
असं आमच्याकडे कुणी मानत नाही.
चौथ्या रात्री मागच्या वाटेनं आत शिरले, तर तो तिथे होता,
कंपनीनं बसवलेला राखणदार.

राखणदार आम्हाला नवा नाही.
बांधावर असतो, जुन्या फणसाच्या बुडाशी असतो,
वर्षाला नारळ घेतो, कोंबडा घेतो, एखादी विडी,
आणि रात्री काठी आपटत
आपलंच कुंपण फिरतो.
ह्याचं म्हणजे घर मास्तरांचं, वीज मास्तरांची,
आणि राखण तिसऱ्याची.
यजमानच चोर, असं धरून
माजघरात दबा धरलेला.

कंपनीला लिहिलं, ह्याला काढायचं कसं?
उत्तरात फॉर्म आला:
माझं नाव, माझा पत्ता, माझा फोन.

मग मीच उपटला.
जाताना तो सीडीचं दार घेऊन गेला.
खण बाहेर येतो, आत जातो,
संगणक म्हणतो, कसला खण?

मास्तर तेव्हा स्टुलावर बसले.
आत तेरा बाऱ्या होत्या, म्हणाले.
तुळस, मठ, आरवली, होडावडा,
रात्र रात्र खळ्यात बसून त्यांनी स्वतः धरलेली भजनं,
मध्येच कुणाचं पोर रडतंय, कुणी चहा विचारतंय.
होडावड्याचे बुवा गेले जूनमध्ये.
त्यांच्या मुलीला सीडी करून द्यायची होती नाताळाआधी.
"धरलंय मी, पेटी माझी," एवढंच म्हणाले,
पुढचं वाक्य त्यांनी खिशातल्या रुमालात ठेवलं.

तबकडी काढून सावंतवाडीला नेली, एका मित्राकडे.
अकरा निघाल्या. दोन नुसत्या खरखरतात.
होडावड्याची कुठल्यात होती, हे मी विचारलं नाही.
बिल चारशे झालं,
सीडीपेक्षा पाच जास्त.
मास्तरांनी मोजून दिले, आणि पावती मागितली.

मार्चमध्ये त्यांच्या परसात गेले होते.
चवळीच्या मांडवाला दोरा, दोऱ्याला ती सीडी,
वाऱ्यावर गिरकी घेत उन्हाचे तुकडे फेकणारी.
"आता राखता," मास्तर म्हणाले.

समोरच्या काठीवर एक कावळा बसला होता.
मान वाकडी करून त्यानं तिच्यात
स्वतःला बराच वेळ पाहिलं.
मग खाली उतरला,
आणि एक कोवळी शेंग तोडून घेऊन गेला.