पुस्तक परत करताना

ओडवारची ग्रंथबस दर तिसऱ्या मंगळवारी
आमच्या धक्क्यापाशी थांबते, इंजिन बंद न करता.
बंद केलं तर या थंडीत पुन्हा सुरू होईलच असं नाही.
तीन खेपा मी त्याला चुकवलं.
चौथ्या खेपेला तो म्हणाला, "टोरबोर्ग, दंड राहू दे,
पण या कादंबरीसाठी कुणीतरी ताटकळलंय."

तर ही चिठ्ठी तुझ्यासाठी, ताटकळलेल्या अनोळखी माणसा.

पान दोनशे बारावर कॉडचं एक खवलं चिकटलंय.
कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचत होते.
हात धुतले होते, तरी राहिलं.
काढू नकोस, पान फाटेल.

गोष्ट तशी मूठभर.
चव्वेचाळीसचं साल, आमचाच किनारा.
दीपगृहातला हेमिंग, ज्याला दिवा लावायची बंदी,
आणि दुधाची किटली घेऊन चढण चढणारी आल्फहिल्ड.
दिवा लावायचा नाही, तरी तो रोज भिंगं पुसतो.
का, ते लेखिका सांगत नाही.
नुसता फडक्याचा आवाज लिहिते, आणि त्यात
चाळीस पानं निघून जातात,
भरती कधी चढली ते कळू नये तशी.

मग एका दुपारी ती भिंगापुढे उभी राहते
आणि तिचा चेहरा सात ठिकाणी उलटा उमटतो.
"यातली कुठली तू?" तो विचारतो.
ती म्हणते, "दूध सांडेल, बाजूला हो."
एवढंच.
प्रेम हा शब्द पुस्तकभर नाही. मी शोधला.

चुका आहेत, आधीच सांगून ठेवते.
ऑक्टोबरात दांड्यांवर कॉड वाळत नसतो,
आणि आमच्या बाजूला कुणी इतकं सुंदर बोलत नाही;
या वाऱ्यात आम्ही तोंड उघडतो ते कामापुरतं.
पण सैनिक घरं पेटवत येतात त्या प्रकरणात
तिची लांबलचक वाक्यं अचानक आखूड होतात.
खुर्ची. घड्याळ. पाळणा. गाय.
जणू लिहिता लिहिता बाईच्या नाकात धूर गेला.

त्या रात्री आल्फहिल्ड किनाऱ्यावर शिवणयंत्र पुरते.

इथे मी पुस्तक मिटलं.
आमच्या घरी एक शिवणयंत्र आहे,
चाक फिरवलं की आतून वाळू करकरते.
आई कधी काही बोलली नाही,
आम्ही तेल घालत राहिलो.

रविवारी वृद्धाश्रमात जाऊन तिला ते प्रकरण वाचून दाखवलं.
योर्डिस, वय एक्क्याण्णव, डोळे मिटलेले. वाटलं, झोपली.
"कोरडी वाळू म्हणे," ती म्हणाली.
"ओली असते. नखं तुटतात."
आणि बऱ्याच वेळाने, "ते भिंगाचं वाच."
वाचलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा वाचलं.
तिसऱ्या खेपेला तिने तळहात ओठांवर ओला करून
कपाळावरचे केस मागे बसवले
आणि खिडकीच्या काचेत पाहिलं.

मी विचारलं नाही.
वाचत राहिले, जरा सावकाश.

शेवट सांगत नाही.
हेमिंग दिवा लावतो की नाही, तुझं तू बघ.
मी शेवटची अकरा पानं गाडीत बसून वाचली.
काचा वाफेने धुरकटल्या होत्या,
बाहीने पुसत होते सारखी,
दुपारचे दोन, बाहेर मिट्ट काळोख,
दिसणार काहीच नव्हतं.

ओडवार हॉर्न वाजवतोय.
खवल्याचं तेवढं लक्षात ठेव.