पासंग

लेम्स्टरच्या गुरांच्या बाजारामागे माझं गॅरेज,
दोन गाड्यांपुरतं. तिसरी आली की मी बाहेर.

ऑस्बर्ट पार्जेटर आले मंगळवारी,
सदुसष्ट सालची एमजी, फिकी पिवळी,
नोव्हेंबरातही टप उघडा.
म्हणाले, मागून कण्हते.
खड्ड्यात नाही. खड्डा गेल्यावर.

मी टेप लावली,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत.
डावीकडे चौदा इंच. उजवीकडे सव्वातेरा.
म्हटलं, पाटे बसलेत, चालवणाऱ्याच्या बाजूनं.
शेजारी फारसं कुणी बसत नसावं.
'पाऊण इंच,' ते म्हणाले,
मेंढ्याचं वजन पुकारावं तसं.
एकतीस वर्षं बाजाराच्या वजनकाट्यावर होते ते.

बुधवार गंजात गेला.
यू-बोल्टचे चार नट. तीन सुटले.
चौथा रात्रभर तेल प्यायला
आणि सकाळी तसाच. कापला.
शॅकलमधले रबरी बुश हातात आले ते
खोडरबराचा चुरा होऊन.
पाट्यांच्या फटीत लोकरीची एक बट, तेलानं काळी.
आमच्याकडे कशातूनही लोकर निघते.

नवे पाटे टिप्टनहून आले,
रंग अजून बोटाला लागणारा.
चढवले. धुरा टेकवला, मधल्या बोल्टचं डोकं
आपल्या भोकात बसल्याचा तो बारीक आवाज
ऐकला, आणि नट बोटांनीच फिरवून सोडले.

कारण सेरिस मावशी,
जिनं आयुष्यभर दुधाच्या लॉऱ्या दुरुस्त केल्या, सांगायची:
रबर हवेत आवळू नकोस गं.
गाडी लोंबकळत असताना घट्ट केलंस
तर खाली आल्यावर त्याला पीळ पडतो,
सहा महिन्यांत फाटतं.
आधी तिला चाकांवर उभी कर.
ज्याचं वजन त्याच्या जागी ठेव.
मग पाना.

तेव्हा पार्जेटर टोपीसकट स्टिअरिंगमागे बसले.
डावीकडे मी यॅप बाईंच्या दुकानातून
बटाट्यांची दोन पोती आणून ठेवली,
पंचवीस-पंचवीस किलोंची.
'कमी आहे,' ते म्हणाले.
सरासरी माणूस धरायचा असतो, मी म्हटलं,
थोडं इकडेतिकडे चालतं.
'नऊ स्टोन चार पौंड.'

मी पाटीवर हिशेब केला. नऊ किलो कमी.
दोन जुने शॉक ठेवले, वर माझी पान्यांची पेटी.
ते उतरले. पेटी हातात तोलली,
दोन पाने काढून बाकावर ठेवले,
पेटी परत सीटवर.
'आता.'

कुणाचं वजन, मी विचारलं नाही.
काट्यावरचा माणूस आकडा सांगतो,
जनावर कुणाचं ते चिठ्ठीवर असतं.

मी खाली खड्ड्यात उतरले, दिवा घेऊन.
पुढचा बोल्ट, मग शॅकल, वरचा, खालचा,
आधी उजवीकडे, मग डावीकडे.
डोक्यावर गाडी शांत,
तिच्या पोटाला जुन्या पावसाचा वास.
वरून सीटबेल्ट लागल्याचा खटका आला.
थोड्या वेळानं
आणखी एक.

मोजलं. सव्वाचौदा. सव्वाचौदा.

'पोती काढल्यावर?' त्यांनी विचारलं.
डावी बाजू वर येईल, म्हटलं. थोडीच.
त्यांनी मान हलवली, पैसे मोजून दिले, नाणी वेगळी,
आणि ब्रॉमयार्डच्या रस्त्याला लागले.
कोपऱ्यावरच्या उखडलेल्या झाकणावरून गाडी गेली.
मी कान दिला. काही नाही.

संध्याकाळी यॅप बाई दारात:
बटाटे?
सोमवारी, म्हटलं.

पेटीही त्यांच्याचकडे.
माझ्याजवळ उरलेत ते फक्त
त्यांनी जास्तीचे म्हणून काढलेले दोन पाने,
एक अर्ध्या इंचाचा,
आणि एक,
ज्याला या गॅरेजातला कुठलाच नट बसत नाही.