पासंग

बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात होतो, ग्वाल्हेरला.
दाल बाजारातले काटे, लोहिया बाजारातल्या तागड्या,
पारड्याखाली चिकटवलेलं मेण, चिंचोका, लोहचुंबक.
दुकानदार पाणी विचारायच्या आधी चहा विचारू लागला
की समजायचं, इथे पासंग आहे.

निवृत्तीनंतर एकदाच कुणी बोलावलं.
घाटीगावच्या पुढे, फर्शीच्या खदानींपलीकडे
सहरियांची वस्ती, आणि तिच्या कडेला
मिशनचा दवाखाना, दोन खोल्यांचा.
सिस्टर ब्रिजित. मला वाटलं केरळच्या असतील.
"भुईगावची मी, वसईकडची," म्हणाल्या,
आणि त्या रानात माझ्या कानावर
"बसा ना, पागनीसकाका" असं पडलं.
मला थोडं अवघडल्यासारखं झालं.
भिंतीवर क्रूस होता, त्याच खिळ्याला लसींचं कॅलेंडर.

काटा कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला,
खाली पायांसाठी दोन भोकं असलेली कापडी झोळी.
मी बरोबर पाच किलोचं वजन आणलं होतं,
ज्याला दोनदा दंड केला त्या बन्सीधरकडून उसनं.
त्याने हसत दिलं. म्हणाला, "साहब, यह असली है."

झोळीत ठेवलं. काटा थरथरला, थांबला.
पाच किलो साडेतीनशे.
पुन्हा ठेवलं. तेच.
स्प्रिंग थकली की जास्त ताणली जाते,
आणि जास्त दाखवते.
कुणी मेण लावलं नव्हतं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं.
दंड कुणाला करायचा?

टेबलावर जर्मनीला जायचा अहवाल, टाइप होऊन तयार.
एकेचाळीस मुलं. हिरव्या रकान्यात एकोणीस.
मी चष्मा पुसला. मग तोच चष्मा पुन्हा पुसला.
पुष्कळदा वाटलंय नोकरीत, की बोलू नये.
पण ते चहाच्या लोभाने असायचं.
त्या दिवशी कशाने होतं, सांगता येत नाही.

सांगितलं.
सिस्टरांनी वही ओढली, कोरं पान काढलं,
एकेका मुलाचं वजन नव्याने मांडत गेल्या.
ओठ हलत होते. प्रार्थना करतायत असं वाटलं.
वाकून ऐकलं तर हिशेब होता:
हातचा एक, उणे, हातचा दोन.
हिरव्यात अकरा उरली.
लाल रकाना खालपर्यंत आला, शेवटची दोन नावं
समासात लिहावी लागली.
अहवाल त्यांनी फाडला नाही. उलटा करून
पाठकोऱ्या बाजूवर नवा सुरू केला.

दारात कपुरी उभी होती, खदानीत फर्शी वाहणारी,
कडेवर पोर, केसांत दगडाची पांढरी धूळ.
तिच्या पोराचं काट्यावर सहा चारशे.
खरं, सहाला वीस ग्रॅम कमी.
सिस्टरांनी तिला तिच्या बोलीत समजावलं.
ती रागावली नाही. रागावली असती तर बरं.
"मैं तो कहत हती," ती म्हणाली, "हल्को हो गओ है."
म्हणत होती. तीन आठवडे म्हणत होती.
आणि दर सोमवारी तिला काटा दाखवला होता.

माझी जुनी खोड. पोर सिस्टरांकडे दिलं
आणि लोखंडाचं वजन तिच्या हातांवर ठेवलं:
"हे किती?"
तिने ते कडेवर घेतलं, जसं पोर घेतात तसं,
जरा हलवलं. म्हणाली,
छोऱ्यापेक्षा सेरभर कमी.

सेर आमच्याच खात्याने बंद केला, मी शाळेत असताना.
सेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम.
मनात मांडून पाहिलं.
बाई पन्नास ग्रॅमच्याही आत होती.

नवा काटा मी लोहियातून घेऊन पाठवला.
शिक्का मारायचा अधिकार आता नाही,
म्हणून खिळ्याने मागे तारीख कोरली.
पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वहीत
सिस्टरांच्या अक्षरात एक रकाना वाढला होता,
वजनाच्या आधी:
आई काय म्हणते.